बारा तांबडे दगड

गेनू मुकादमांबरोबर रस्त्याने चालणं हा एक छळ होता. माणूस चांगला, बोलायला मोकळा, पण पावलं रेल्वेची. रेल्वेच्या गँगचे मुकादम म्हणून त्यांची उभी हयात खंडाळ्याच्या घाटात रुळांवरून चालण्यात गेलेली. रुळांखालच्या स्लीपरांचं अंतर असं चमत्कारिक असतं की प्रत्येक स्लीपरवर पाऊल टाकावं तर चाल तोकडी पडते, आणि एक सोडून एक टाकावं तर ढांग मारावी लागते. मुकादमांनी तरुणपणी कधीतरी तोकडी चाल पत्करली ती निवृत्त झाल्यावरही सोडली नाही. डांबरी सडक असो, शेताचा बांध असो की लग्नाचा मांडव, ते आपले न दिसणाऱ्या स्लीपरांवरून चालायचे. मध्येच थांबून टाचेने जमीन ठोकायचे, कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "खालची खडी सैल झालीया." मीही मग उगाचच खाली बघायचो.

साठ सालानंतरची गोष्ट. मी पुण्याहून लोणावळ्याच्या पोस्टात कारकून म्हणून आलो होतो. हवा खायला येणाऱ्यांनी लोणावळ्यातल्या सगळ्या खोल्या अडवलेल्या, म्हणून वलवणच्या धरणापलीकडच्या एका गावात मी बिऱ्हाड केलं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. पुढे जे सांगणार आहे त्याचा तिथल्या चार जणांना अजून राग येईल. माझ्या खोलीला लागून मुकादमांचं घर. बायको वारून बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मधली भिंत कुडाची, त्यामुळे त्यांनी चुलीत फुंकर मारली तरी मला ऐकू यायची.

पहिल्याच सकाळी कामावर निघालो तर मुकादम ओट्यावर उभे. धोतर, अंगात रेल्वेचा निळा डगला, हातात हिरवी झेंडी. झेंडी फडकावून म्हणाले, "पोस्टमास्तर, लाइन किलेर हाय. जावा!"

"आबा, मी पोस्टमास्तर नाही. साधा कारकून आहे."

"व्हाल की. शिंगल तर पडलाय."

मी सात वर्षांनी सबपोस्टमास्तर झालो, पण मुकादमांनी मला पहिल्या दिवशीच बढती देऊन टाकली होती. त्यानंतर रोज सकाळी हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय त्यांनी मला सोडलं नाही. एकदा मात्र त्यांनी तांबडी दाखवली. मी चिडलो, कारण उशीर झाला होता. त्यांनी नुसतं माझ्या पायांकडे बोट केलं. एका पायात माझी चप्पल होती आणि दुसऱ्या पायात त्यांची.

'लाइन किलेर' हा शब्द त्यांना सगळीकडे चालायचा. शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं की "पोरीची लाइन किलेर झाली", एरंडेल घेतलं की "पोटाची झाली", आणि कुणी म्हातारं माणूस सुखाने गेलं की "म्हाताऱ्याला किलेर भेटला." त्यांना स्वतःला कधी भेटणार असं कुणी चेष्टेने विचारलं तर म्हणायचे, "माजी मालगाडी हाय. मागनं मेल आली की मला बाजूला घेत्यात."

तांबड्या झेंडीची एक गोष्ट तर लोणावळ्याच्या बाजारातही सगळ्यांना माहीत होती. मुंबईहून आलेली सहलीची बस धरणाच्या रस्त्याने चालली होती. पुढे मुकादम रस्त्याच्या मधोमध तांबडी झेंडी आडवी धरून उभे. ड्रायव्हरला वाटलं, रस्ता खचला. त्याने करकचून ब्रेक मारला, आतल्या बायका किंचाळल्या. मुकादम शांतपणे खिडकीशी गेले आणि म्हणाले, "कालच्या गाडीतल्या मानसांनी ह्या जांभळीच्या तीन फांद्या मोडल्या. तुमी तितं उतरनार आसाल तर हात खिशात घालून उतरा. चला, लाइन किलेर." मग हिरवी दाखवली. बस निमूटपणे निघून गेली. त्यांच्या डगल्याची पितळी बटणं पाहून ड्रायव्हरला ते सरकारी वाटले असावेत.

हे सगळं गमतीचं होतं. पण एका गोष्टीपायी मला झोप येईना. मला चौकशा करायची खोड आहे आणि पोस्टात राहून ती वाढलीच. रोज सकाळी तांबडं फुटायच्या सुमाराला भिंतीपलीकडे टाळ किणकिणायचा, दार वाजायचं, आणि तो आवाज तोकड्या पावलांनी डोंगराच्या दिशेने जायचा. उन्हं वर आल्यावर मुकादम परत यायचे ते धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. फाल्गुनात गावातल्या विहिरींना पाणी नाही आणि हा माणूस रोज भिजून येतो कुठून? विचारलं तर उत्तर एकच, "डूटी हाय."

एका रविवारी मी त्यांच्या मागे निघालो. एवढ्या तोकड्या चालीच्या माणसाचा पाठलाग करणं फार अवघड. सारखं थांबून चपलेतला खडा काढल्याचं सोंग करावं लागत होतं. टेकडीच्या वळणापाशी मला आधी गाणं ऐकू आलं, आणि मग दिसलं ते बघून मी सोंग विसरून तसाच उभा राहिलो.

टेकडीच्या पायथ्याला एक बारीकसा झरा होता. तिथून माथ्यापर्यंत एका ओळीत बारा तांबडे दगड, आणि एकेका दगडाशी एकेक जण उभा. आठ मुलगे, चार मुली, सगळे सोळा ते वीस वर्षांचे, वरच्या कातकरवाडीतले. मुकादम खाली झऱ्याच्या पाण्यात उभे राहून टाळ वाजवत होते. मुलं अभंग म्हणत होती आणि पाण्याने भरलेला रॉकेलचा डबा त्या अभंगाबरोबर डोंगर चढत होता. ध्रुपदाला भरलेला डबा वर जायचा आणि चरणाला रिकामा डबा खाली यायचा. समेवर तो बरोबर एका हातातून दुसऱ्या हातात पडायचा. कुणी खाली बघत नव्हतं, कुणी घाई करत नव्हतं. माथ्यावर एक उंच, सावळी मुलगी डबा घेऊन रोपांना पाणी घालत होती आणि तिचाच आवाज सगळ्यांच्या वर होता.

मुकादमांनी मला पाहिलं आणि अभंग थांबू न देता बगलेतली तांबडी झेंडी काढली. "पोस्टमास्तर, सरकारी मानसानं चोरून येऊ न्हाई."

"आबा, हे काय आहे?"

"भजनी मंडळ."

"पाणी घालतंय?"

"मग? ताल चुकला तर पानी सांडतं, पानी सांडलं तर झाड उपाशी ऱ्हातं. गावात ताल चुकल्यावर काय व्हतं? कायबी न्हाई. म्हनून तितलं भजन नासलंय."

गावातल्या भजनाचं त्यांना एवढं का लागलं होतं, ते मला हळूहळू कळलं. मुकादम तीस वर्षं गावच्या मंडळात टाळकरी होते. त्यांच्या शेतावर मजुरीला येणाऱ्या कातकऱ्यांच्या मुलांना खुरपता खुरपता त्यांनी अभंग शिकवले. ती माथ्यावरची चिमी तर एकदा ऐकलेली चाल विसरत नसे. एका एकादशीला मुकादम त्या मुलांना देवळात घेऊन गेले. मंडळाचे बुवा म्हणाले, "ऐकू द्या की. पण पायऱ्यांच्या खाली बसू दे. तिथं ऐकू येतं." मुलं निमूटपणे खाली चपलांपाशी बसली.  मुकादम टाळ घेऊन उठले, पायऱ्या उतरून खाली आले, चपला बाजूला सारून मुलांमध्ये बसले, आणि तिथून जीव खाऊन टाळ वाजवायला लागले, तोही मुद्दाम अर्धी मात्रा मागे. बुवा गडबडले, मृदंग एकीकडे, पेटी दुसरीकडे. मुकादमांच्याच शब्दांत सांगायचं तर डबे रुळावरून उतरले. दुसऱ्या दिवशी मंडळाने आपले टाळ परत मागवले. मुकादमांनी ते धुऊन, पुसून परत केले आणि स्वतःचे आणले.

पण नुसतं भजन करून त्या मुलांचं भागणार नव्हतं. दिवाळी झाली की सगळी वाडी कोकणात कोळशाच्या भट्ट्यांवर जायची. झाडं तोडायची, जाळायची आणि पावसाळ्याच्या तोंडाला काळं होऊन परत यायचं. शाळा नाही, शेत नाही. मुकादम जंगलखात्याच्या साहेबांना जाऊन भेटले आणि म्हणाले, माझ्या पोरांना रोपवाटिकेत कामाला घ्या. साहेब म्हणाले, "लावणारे पुष्कळ भेटतात, जगवणारे भेटत नाहीत. वाडीमागची टेकडी उघडी पडली आहे. रोपं आम्ही देतो. दोन उन्हाळे निम्मी जरी जगवून दाखवलीत तरी बाराच्या बारा जणांना घेतो."

म्हणून ती बारा मुलं भट्टीवर न जाता मागे राहिली होती. सकाळी डोंगरावर पाणी घालायची आणि दिवसभर लोणावळ्यातल्या बंगल्यांवर पडेल ते काम करायची. घरच्यांना ते पसंत नव्हतं. चिमीचा बाप तर भट्टीवर जाताना सांगून गेला होता, "झाडं वाळली तर म्होरल्या साली तुला भट्टीवरच आसाया पायजे, आनि मुकादमाचं नाव काडायचं न्हाई." आमचा पहिला उन्हाळा निघाला. 'आमचा' म्हणतो, कारण तोपर्यंत मीही दर रविवारी तिथे जाऊन बसायला लागलो होतो. चिमी मला विचारायची, "बाबूसायब, तुमी चिट्ठ्या वाटता का वाचता?" माझी खोड तिने बरोबर ओळखली होती.

आता त्या तांबड्या दगडांचं सांगतो. उतारावर मुलं कुठेही उभी राहायची, त्यामुळे कुणाला डबा लांब पडायचा, कुणाला जवळ, आणि सम हुकायची. मुकादम निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या गँगने शालनारळाबरोबर सिग्नलच्या तांबड्या रंगाचा अर्धा डबा दिला होता. तो इतके दिवस घरात पडून होता. मी पहिल्यांदा गेलो त्याच्या एकदोन दिवस आधीच मुकादमांनी आपल्या पावलांनी टेकडी मोजली, सारख्या अंतरावर बारा दगड ठेवले आणि रंगवले. एकेक दगड एकेकाचा. ह्या दगडांचा मतलब एवढाच, की ज्याने त्याने आपापल्या जागी उभं राहावं.

चार दिवसांनी दगडांवर फुलं दिसली. मग हळद. मग नारळ.

चिमीची आजी, मंगळी, म्हातारपणामुळे वाडीतच राहिलेली. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं. तिला डोंगरावर तांबडं दिसलं आणि तिने सगळीकडे सांगितलं की टेकडीवर बारा देव निघाले. मग काय, गुराख्यांनी शेरडं त्या बाजूला न्यायचं सोडलं. गावातून कुऱ्हाड घेऊन सरपणाला येणारी माणसं लांबूनच हात जोडून मागे फिरायला लागली. रोपांना एवढं चांगलं कुंपण कुठल्याच खात्याने घातलं नसतं.

मुकादम मात्र हादरले. त्यांचा देवावर खरा विश्वास होता. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसले. डगल्याचं बटण कुरवाळत म्हणाले, "मी द्येवाशी लबाडी क्येली का वो, पोस्टमास्तर?"

"तुम्ही कुठे केली? म्हातारीला तसं वाटलं."

"पन मी गप ऱ्हायलो ना. येक अर्ज लिवा."

"कुणाला?"

"त्येच तर कळंना," ते म्हणाले.

तीन वेळा ते मंगळीआजीला खरं सांगायला म्हणून वाडीवर गेले आणि तिन्ही वेळा हातात प्रसादाचं खोबरं घेऊन परत आले. एकदा तर त्यातलं अर्धं त्यांनी मला दिलं. मी खाल्लं. चवीला खरं होतं.

दुसरा उन्हाळा संपत आला तेव्हा साहेब पाहणीला येणार असल्याचं पत्र आलं. ते पत्र मी सायकल दामटत घेऊन गेलो. पण त्याच्या आधी दुसरं एक पत्र लोणावळ्याहून साहेबांकडे गेलं होतं. गावातल्या बुवांनी तक्रार केली होती की, गेनू मुकादम डोंगरावर खोटे देव बसवून लोकांना फसवतो आहे, त्याला आणि त्याच्या पोरांना खात्याने जवळ करू नये. त्या पाकिटावर मीच शिक्का मारला होता. आत काय आहे ते मला माहीत नव्हतं, तरी नंतर कळल्यावर मला फार वाईट वाटलं.

साहेब आले. बरोबर बुवाही आले. बारा जण आपापल्या दगडाशी उभे होते. मंगळीआजी काठी टेकत आली होती. साहेबांनी झाडांकडे पाहिलंच नाही. ते पहिल्या दगडाशी थांबले.

"मुकादम, हा शेंदूर आहे की रंग?"

 'शेंदूर' म्हणाले असते तर काही बिघडलं नसतं, कुणी खरवडून बघणार नव्हतं. मुकादमांनी टोपी काढली.

"रंग हाय, सायेब. रेल्वेचा. शिंगलाचा."

बुवांनी सगळ्यांकडे पाहिलं.  मुलांनी दोन उन्हाळे त्या माणसाच्या शब्दावर काढले होते, आणि त्याने एका शब्दात सगळं धुळीला मिळवलं होतं. मला त्यांचा राग आला, खरंच आला. तेवढ्यात मंगळीआजी पुढे झाली.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

"काय म्हाईत हाय?" मुकादमांनी विचारलं.

"रंग हाय त्ये. पयल्या दिशी हात लावला तवा बोटाला लागला, धा दिस निघाला न्हाई. शेंदूर आसा ऱ्हातो व्हय?"

"मग तू देव म्हणून का सांगितलंस?" साहेबांनी विचारलं.

"माजी नात उनात हुबी ऱ्हाती तितं. ती जितं हुबी ऱ्हाती तितं मी फूल ठिवते. बाकीच्यांची आया-बापं भट्टीवर, त्येंच्या दगडांना कोन ठिवनार? म्हनून बाराबी ठिवते. आनि द्येव म्हनल्याबिगर तुमच्या गावची कुऱ्हाड थांबती का?"

चिमी माथ्यावरून खाली उतरली. "सायेब, दगूड रंगाचे आसतील. झाडं खरी हायेत. वडून बगा."

साहेबांनी जवळचं जांभळीचं रोप धरून ओढलं. मग जरा जोर लावून ओढलं. पानं हातात आली, पण रोप हललं नाही. त्यांनी दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. मग सगळी टेकडी फिरले. दर चारांतली तीन जगली होती. उतरताना ते पहिल्या दगडाशी पुन्हा थांबले आणि बुवांच्या देखत त्यांनी पायातले बूट काढले. कशासाठी काढले ते बोलले नाहीत. बुवांना मात्र नाइलाजाने वहाणा काढाव्या लागल्या.

श्रावणात बाराच्या बारा जण कामावर रुजू झाले. रोपवाटिका परंदवडीच्या बाजूला, राहायची सोय तिथेच. आम्ही त्यांना लोणावळ्याच्या स्टेशनवर सोडायला गेलो. चिमीने नवं लुगडं नेसलं होतं. गाडी सुटायच्या वेळी मुकादमांनी सवयीने हिरवी झेंडी बाहेर काढली आणि गार्डसाहेबांच्या आधी फडकावली. गार्ड ओरडला, सगळे हसले. गाडी गेली, शेवटचा डबा दिसेनासा झाला, तरी मुकादमांनी झेंडी खाली घेतली नव्हती. परत येताना नेहमीसारखं त्यांच्या चालीबद्दल कुरकुरायचं मला सुचलं नाही.

मग पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी कामात पडलो. माघ संपता संपता एका सकाळी भिंतीपलीकडे पुन्हा टाळ किणकिणला, दार वाजलं, आवाज डोंगराकडे गेला. मी अंथरुणात उठून बसलो. आता कुठली ड्यूटी? रोपं मोठी झालेली, मंडळ परंदवडीला. मला राहवलं नाही. चपला घातल्या, दोन्ही माझ्याच आहेत की नाही ते पाहिलं, आणि निघालो.

मुकादम एकटेच होते. झऱ्यावर डबा भरून ते पहिल्या दगडाशी आले, डबा खाली ठेवला, टाळ एकदा वाजवला आणि म्हणाले, "घे, बाळू." मग दगडाला वळसा घालून पलीकडे गेले आणि तोच डबा स्वतःच उचलला. दुसऱ्या दगडाशी ठेवला. टाळ. "घे रं, सोमा." प्रत्येक दगडाशी नाव. प्रत्येक दगडावर ताजं फूल होतं, म्हणजे म्हातारीही येऊन गेली होती. शेवटच्या दगडाशी ते जरा दम खात थांबले. "चिमे, सांडू नगं," असं म्हणाले आणि वरच्या एका जांभळीला पाणी घातलं. ते झाड आता त्यांच्या खांद्याला लागत होतं, त्याला पाण्याची गरजच नव्हती.

 इतके दिवस मी ह्या माणसाच्या गमती गोळा करत होतो. मुलांना काम मिळालं की आपलं मंडळ मोडणार, हे त्यांना त्या साहेबांच्या कचेरीत पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी दोन उन्हाळे त्यांनी टाळ वाजवला होता.

ते रिकामा डबा घेऊन खाली आले तेव्हा मी दुसऱ्या दगडाशी जाऊन उभा राहिलो होतो. मला वाटलं, तांबडी झेंडी निघणार. निघालीच.

"त्यो सोमाचा दगूड हाय," ते म्हणाले. "सुट्टीत पोरगं आलं तर कुटं हुबं ऱ्हाईल?"

मी बाजूला झालो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, एक साधा, काळा दगड उचलला आणि दोन दगडांच्या मध्ये आणून ठेवला. झऱ्याजवळच्या झुडपात तो रंगाचा डबा होता. तळाशी चिकटलेला रंग त्यांनी काटकीने खरवडला, पाण्यात कालवून पाहिला, कालवेना, मग तसाच बोटाने दगडाला फासला. तांबडा म्हणण्यासारखा तो झाला नाही.

"हितं हुबं ऱ्हावा."

ते झऱ्याशी गेले, डबा भरला, अभंग धरला. मला चाल येत नव्हती. सम कुठे येते तेही कळलं नाही. त्यांनी डबा दिला तेव्हा मी हात मागे घेतला आणि मी हात पुढे केला तेव्हा डबा सुटला होता. सगळं पाणी माझ्या विजारीवर.

"झाड उपाशी ऱ्हायलं, पोस्टमास्तर," मुकादम म्हणाले. तोकड्या पावलांनी झऱ्याकडे परत गेले, डबा भरून घेतला आणि तिथूनच ओरडले, "लाइन किलेर हाय का?"

"किलेर हाय, आबा," मी म्हणालो.